गणपतीला घडीचा पाट

"पाट मी करीन," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि कपात बिस्कीट होतं. वाक्य पुरं व्हायच्या आत बिस्कीट मोडून बुडालं. शहाण्या माणसाने तेवढ्यावरून ओळखलं असतं. मी ते चमच्याने बाहेर काढलं आणि तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो.

समोर माझा थोरला भाऊ पुंडलिकदादा बसला होता. तो गागोदे बुद्रुकहून अष्टमी गावातल्या आमच्या फ्लॅटवर वर्षातून दोनदा येतो, आणि येतो तो काहीतरी ठरवूनच. या वेळी त्याने ठरवलं होतं, की घराण्याचा गणपती यंदा आमच्याकडे बसेल. "घराचं काम काढलंय," तो म्हणाला. "सगळीकडं सिमेंट हाय. यंदा तुझ्याकडं बसव. पुढचं पुढं बघू."

आत स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. नमिता, म्हणजे माझी बायको, लग्न झाल्यापासून बावीस वर्षं दर भाद्रपदात गागोद्याला जाऊन पुतळीवहिनींच्या हाताखाली राबते. वहिनी वाईट नाहीत. पण चूल त्यांची, नैवेद्य त्यांचा, आणि "नमे, नारळ खव गो" एवढं हिच्या वाट्याचं. आपल्या घरी आपल्या हातचा नैवेद्य देवापुढे ठेवावा, असं तिला फार वाटत होतं. बावीस वर्षांत ती हे एकदाच बोलली आणि पुन्हा बोलली नाही, म्हणून ते माझ्या जास्तच लक्षात राहिलं. दादाच्या "पुढचं पुढं बघू"चा अर्थही आम्हा दोघांना बरोबर कळला. यंदा सगळं नीट झालं तर पुढेही आमच्याकडे. काही घोटाळा झाला तर गणपती परत गागोद्याला, आणि कायमचा.

आता पाटाविषयी. आमच्यात गणपतीची मूर्ती बघून, घासाघीस करून विकत आणत नाहीत. आमच्यात पाट देतात. घरचा लाकडी पाट पेणला कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यावर नाव घालायचं, आणि मूर्तिकार त्याच पाटावर शाडूची मूर्ती घडवतो. एकदा पाटाला माती लागली, की विसर्जनापर्यंत मूर्ती त्यावरून हलत नाही. पाट आमचा असतो आणि देव त्यावर येऊन बसतो. तर या पाटाला वाळवी लागली होती.

"भिकू सुताराला सांगतो नवा करायला," दादा म्हणाला आणि तिथेच मी ते वाक्य म्हणालो.

"तू करशील?" दादाने विचारलं. त्याने पुढे काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त माझ्या हातांकडे बघत राहिला.

मी धाटावला एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. पंचवीस वर्षं मी माणसांना पाने, हातोडे, करवती, ड्रिल मशीन देत आलो आहे, सही घेऊन, आणि शिफ्ट संपली की मोजून परत घेत आलो आहे. जिल्ह्यात इतकी हत्यारं फार थोड्या माणसांच्या हाताखालून गेली असतील. त्यातलं एकही मी कधी वापरलेलं नाही, हा मुद्दा निराळा. आचारी सगळंच जेवतो असं थोडंच आहे.

त्या रात्री मी सुतारकामाचे व्हिडिओ बघितले. एका व्हिडिओत एक दाढीवाला गृहस्थ सांगत होता, की सुतारकामात पहिलं महत्त्व हत्याराला नाही, लाकडालाही नाही, ते वर्कबेंचला. लाकूड हललं की काम बिघडलं. आणि ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठी घडीचं बेंच मिळतं. हे मला फार पटलं. आजवर माझ्या हातून काही घडलं नाही, ते केवळ बेंच नसल्यामुळे, असं माझं तेव्हाच ठरलं. मी ऑर्डर देऊन टाकली.

बेंच आलं. काळे लोखंडी पाय, पायांना रबरी टोप्या, वर दोन लांब फळ्या. पुढे दोन नारिंगी मुठी होत्या. त्या फिरवल्या की फळ्या एकमेकींजवळ येऊन मधलं लाकूड घट्ट धरतात, उलट फिरवल्या की सोडतात. शिवाय फळ्यांवरच्या भोकांत घालायला आठ प्लॅस्टिकच्या खुंट्या, दोन क्लॅम्प, काटकोन बघायचा एक गुण्या आणि एक पिशवी, जिच्यात काय ठेवायचं ते माहितीपत्रकात दिलं नव्हतं. मी सगळ्याची यादी केली, प्रत्येक वस्तूला नंबर दिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. काम सुरू करण्यापूर्वीचं माझं हे काम फारच चांगलं झालं, हे आजही म्हणतो.

बेंच हॉलमध्ये उघडून ठेवलं तशी इमारतीतली माणसं बघायला आली. तळमजल्यावरचे कृष्णाकाका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना सगळ्या विषयांतलं कळतं. त्यांनी दोन्ही मुठी फिरवून बघितल्या, मग मान हलवली. "घोडा चांगला हाय," ते म्हणाले. सुतार ज्यावर लाकूड टेकवतात त्याला आमच्याकडे घोडा म्हणतात. "पण पाटाला फणसाचं लाकूड घ्या. सागवान नको. सागवानावर देवाला उकडतं."

हे त्यांना कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. कृष्णाकाकांना विचारलं की ते सांगतात.

त्याच भेटीत त्यांनी घरून नारळ आणून बेंचच्या जबड्यात धरून सोलून दाखवला. दुसऱ्या दिवशी तीन बायका नारळ घेऊन आल्या. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी जिन्यात मला थांबवून विचारलं, की आमचं नारळ सोलायचं यंत्र सकाळी किती वाजता सुरू होतं.

या नारळांच्या शेंड्यांमुळे सोसायटीच्या सेक्रेटरीला, अमोलला, जाग आली. अमोल पस्तिशीचा आहे, पण लेटरहेड हातात आलं की साठीचा होतो. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: 'काही सभासद राहत्या जागेत यंत्रसामग्री बसवून गृहउद्योग चालवीत असल्याचे निदर्शनास आले आहे.' 'काही सभासद' म्हणजे मी एकटाच. मी त्याला जाऊन समजावलं, की हे यंत्र नाही, हे टेबल आहे, आणि मिटतं. तो म्हणाला, "मिटतं तर तसं लिहून द्या, काका."

मग मी तीन प्रतींत हमीपत्र दिलं. सदर बेंच घडीचे असून ते कायमस्वरूपी बांधकाम नाही. सदर बेंचवर कोणी झोपणार नाही. सदर बेंच यापुढे जिन्याने वर नेले जाणार नाही. झोपण्याची अट कुठून आली ते अमोललाही सांगता आलं नाही. कुठल्यातरी जुन्या नमुन्यात होती म्हणाला. मला परवानगी मिळाली ती दर रविवारी दुपारी चार ते सहा, पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे.

पहिल्या रविवारी मी फणसाची फळी बेंचवर धरून करवत चालवली. फळी हलली नाही. दाढीवाला गृहस्थ खरा होता. करवत मात्र हलली, आणि पाटाची डावी कड उजवीकडे गेली. ती सरळ करायला उजवी कापली, मग उजवीशी जुळवायला पुन्हा डावी. दीड फुटाची फळी संध्याकाळपर्यंत पोळपाटाएवढी झाली. नमिता खाली आली, तिने ती उचलून बघितली आणि तुळशीच्या कुंडीखाली ठेवली. मला तेव्हा आतून लाज वाटली, कारण तिने माझ्यावर हसायला हवं होतं आणि तिला हसू येत नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी नवी फळी आणली. या खेपेला कापायचं काम वखारीतूनच करून आणलं, हे कृपा करून दादाला कोणी सांगू नये. मी फक्त रंधा मारणार होतो. फळी जबड्यात धरली, वाकून दोन्ही मुठी जोरात आवळल्या आणि सरळ व्हायला गेलो तर होईना. फळीबरोबर माझ्या सदऱ्याचं पुढचं टोकही आत गेलं होतं. मुठी उलट फिरवायला खाली वाकायला हवं, आणि सदरा तर मला एका ठराविक कोनातच ठेवत होता. मी बराच वेळ त्या कोनात उभा राहून लाकडाचा अभ्यास करत असल्यासारखं दाखवलं. येणारे-जाणारे "चालू द्या" म्हणून गेले.

सहा वाजता अमोल घड्याळ बघत आला. "वेळ संपली, काका. बेंच मिटवा."

"मिटवतो," मी म्हणालो.

"मग मिटवा ना."

"तू हो पुढे. मिटवतो."

तो पुढे जाईना. हमीपत्राची प्रत त्याच्या खिशात होती. शेवटी कृष्णाकाकांनी येऊन मला सदऱ्यातून काढलं. म्हणजे सदरा तिथेच राहिला आणि मी बनियनवर जिना चढलो. एका हातात रंधा होता, त्यामुळे निदान कष्टकरी दिसलो असेन.

तिसरा रविवार शेवटचा. कारखान्याच्या मालकीण बायजाबाई ज्येष्ठ संपला की पाट घेत नाहीत, आणि सोमवारी ज्येष्ठ संपत होता. फळी तयार होती. तिच्याखाली दोन आडव्या पट्ट्या बसवायच्या होत्या, तेच पाटाचे पाय. मी बेंचच्या एकेका फळीवर एकेक पट्टी ठेवली, त्यावर पाटाची फळी ठेवली, काहीही हलू नये म्हणून क्लॅम्प लावले आणि वरून ड्रिलने आठ स्क्रू मारले. तीन इंची. माझ्या स्टोअरमध्ये तीन इंची स्क्रूला नेहमी मागणी असते, म्हणून तेच चांगले असणार असा माझा हिशेब होता.

आणि पाट झाला. चौकोनी, सपाट, मजबूत. मी हाताने दाबला, हलवला, जरासुद्धा डुगडुगला नाही. नमिताला हाक मारली. ती आली, पाटावरून हात फिरवला, तिचे डोळे जरा ओले झाले, आणि मला वाटलं, या एका गोष्टीसाठी जन्म घेतला तरी चालेल.

"छान झालाय हो," ती म्हणाली आणि पाट उचलायला गेली. पाटाबरोबर बेंचचे पुढचे दोन पायही जमिनीवरून उचलले गेले.

तीन इंची स्क्रू पाटातून गेले होते, पट्टीतून गेले होते आणि उरलेले बेंचच्या फळ्यांत शिरले होते. उलटे काढायला गेलो तर आठांपैकी सहांच्या डोक्यावरच्या खाचा मीच जोर लावून गुळगुळीत करून ठेवल्या होत्या. कृष्णाकाका म्हणाले, भिकू सुताराला बोलवा, दहा मिनिटांत काढील. पण भिकू म्हणजे दादाचा बालमित्र. त्याने पहिला स्क्रू काढायच्या आत गागोद्याला बातमी गेली असती. "तो नको," नमिताच म्हणाली. ती दादाला घाबरत होती असं नाही. तिला तो गणपती हवा होता.

मग सोमवारी रजा टाकून, गल्लीतल्या प्रणितचा छोटा टेम्पो भाड्याने करून, मी पाट बेंचसकट पेणला नेला. कारखान्यात हत्यारं असतात, माणसं असतात. तिथेच सुटा करून घेऊ असा विचार होता.

कारखान्याच्या दारात पाट घेऊन आलेल्यांची रांग होती. बायजाबाई सत्तरीच्या, कपाळावर चष्मा, हातात खडू. एकेक पाट घ्यायच्या, मागे नाव घालायच्या, आत सरकवायच्या. माझी पाळी आली तेव्हा प्रणितने बेंच टेम्पोतून उतरवून पाय उघडून उभं केलं. मागची रांग पुढे आली.

"ह्यो पाट?" बायजाबाईंनी विचारलं.

आता मला सांगायचं होतं, की बाई, माझे स्क्रू आरपार गेले. पण मागे पंधरा-वीस माणसं होती, आणि सगळ्यांच्या काखेत आपापल्या सुताराने केलेले नीटनेटके पाट होते. मी म्हणालो, "जनूला दाखवा. त्याला कळेल काय करायचं ते." जनू म्हणजे त्यांचा मुख्य कारागीर. तो जेवायला गेला होता. मी माझ्या सवयीप्रमाणे एक लेबल लिहून बेंचच्या पायाला बांधलं: 'म्हात्रे, अष्टमी. मूर्ती दीड फूट. पाट काळजीपूर्वक हाताळणे.' आणि निघून आलो. माझ्या नोकरीत एकदा लेबल लावलं की जबाबदारी संपते.

श्रावणात मी मूर्ती कुठवर आली ते बघायला गेलो. कारखान्यात जमिनीवर ओळीने पाट मांडलेले, प्रत्येकावर ओली मूर्ती. आणि त्या सगळ्यांच्या वर, मधोमध, कमरेएवढ्या उंचीवर, नारिंगी मुठींच्या मागे, आमचा गणपती बसला होता. सोंड झाली होती. डोळे राहिले होते.

मी तिथेच एका रिकाम्या डब्यावर बसलो.

"ह्ये असं कसं झालं?" मी विचारलं.

"कसं म्हंजे?" बायजाबाई म्हणाल्या. "पाट तुमचाच ना? चिठ्ठी तुमचीच हाय. आमच्यात आलेल्या पाटाला नाव ठेवत नाय. एकांनी शिलाई मशीनचं टेबल दिलंतं, त्यावर पण बसवला. म्हटलं, यांच्यात उंचावर बसवायची रीत असंल."

जनू मागून हात पुसत आला. तो खूश दिसत होता. "साहेब, पाट एक नंबर दिलात," तो म्हणाला. "तीस वरसं खाली बसून काम करतोय, पाठ मोडली. ह्यो एकच गणपती उभ्यानं केला. तुम्ही म्हनालात जनूला कळंल, मला लगेच कळलं."

"आता उतरवता नाही येणार?" मी हळूच विचारलं.

बायजाबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "पाटावरनं उठवायचा? विसर्जनाआधी?"

मी पुन्हा विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, शाडूची माती बेंचच्या भोकांतसुद्धा शिरून वाळली होती.

घरी आल्यावर मी तीन दिवस नमिताला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सांगितलं. तिने विचारलं, "देव बसलाय ना नीट त्याच्यावर?" मी हो म्हणालो. "मग दादांच्या नजरेस पडायला नको," ती म्हणाली आणि शिलाई मशीन काढलं. लग्नातला शालू उसवून तिने बेंचच्या चारी बाजूंनी खालपर्यंत येईल अशी झालर शिवली. मापं माहितीपत्रकातून घेतली. त्या पत्रकाचा झालेला हा एवढाच उपयोग. मुठी मात्र झालरीच्या बाहेर यायच्या, म्हणून त्यांच्यासाठी दोन टोपडी शिवली. ती शिवताना मी तिच्याकडे बघत होतो. सगळी चूक माझी होती आणि शालू तिचा उसवला जात होता, हे मला सहन होईना, आणि करता तर काहीच येईना.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती आणायला दादा थेट पेणला आला. आमच्यात गणपती कारखान्यातून टेम्पोपर्यंत आणि टेम्पोतून घरात दादा डोक्यावर घेऊन आणतो, पाटासकट. तो मान त्याचा. नमिताने झालर आधीच पाठवली होती, पण जनूने ती घडी करून बाजूला ठेवली होती. म्हणाला, धूळ लागंल. त्यामुळे दादाने पाहिलं ते सगळं उघडंच. काळे पाय, रबरी टोप्या, माझं लेबल.

दादा एकदा सगळ्या बाजूंनी फिरून आला. पायाच्या अंगठ्याने एक रबरी टोपी दाबून बघितली. मी सांगायला सुरुवात केली, "दादा, त्याचं काय झालं..." तो म्हणाला, "चला, उचला." आणि स्वतः पुढे झालाच नाही. चौघांनी चार पाय धरले आणि पालखीसारखा गणपती टेम्पोत चढवला. दादा मागून नुसता चालत आला. तेहेतीस वर्षांचा मान त्याने असा एका शब्दात सोडून दिला, तेव्हा तो किती संतापला असेल याचा मी अंदाज केला आणि घडी केलेली झालर उचलून टेम्पोत चढलो.

वाटेत टेम्पो वडखळ सोडून पुढे लागला आणि खड्डे सुरू झाले. पुढच्या-मागच्या टेम्पोंतली माणसं आपापल्या मूर्तीला मिठी मारून बसली होती. आमचा गणपती रबरी पायांवर उभा होता आणि हलत नव्हता. मी झालर लावत होतो. निडीला प्रणितने टेम्पो बाजूला घेतला, आणि शेजारच्या गाडीतल्या एका गृहस्थाने मला विचारलं, ही गणपतीची नवी गादी कुठे मिळते. दादाने खिडकीबाहेर बघितलं.

सोसायटीच्या दारात अमोल उभा होता. बाजूला त्याच्या बायकोच्या हातात औक्षणाचं ताट, त्याच्या हातात माझं हमीपत्र. "काका," तो अवघडून म्हणाला, "बेंच जिन्याने वर नेणार नाही असं तुम्हीच लिहून दिलंयत."

नमिता खाली आली होती. नऊवारी नेसून. "अमोल," ती म्हणाली, "वर देव चाललाय. झालरीच्या आत काय आहे ते तू बघितलंस?"

अमोलने विचार केला. नियमाच्या माणसाला नियमातूनच वाट दाखवावी लागते. "अधिकृतपणे नाही," तो म्हणाला आणि बाजूला झाला. मग जिन्याच्या वळणावर डावी मूठ भिंतीत अडकली तेव्हा रंगाचा पोपडा त्यानेच हाताने काढून वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा. वहिनीही आल्या होत्या. नमिता पहाटेपासून स्वयंपाकघरात होती, आणि वहिनींना तिने बाहेर खुर्चीवर बसवून चहा दिला होता. वहिनी त्या खुर्चीत फार अस्वस्थ बसल्या होत्या. सगळं नीट लागलं होतं. फक्त दादा पाटाविषयी अजून काही बोलला नव्हता.

दादा सोवळं नेसून देवापुढे आला. मी त्याच्यासाठी बसायचा पाट टाकला. त्याने पाटाकडे बघितलं, मग गणपतीकडे. गणपती त्याच्या बरोबर छातीसमोर होता. त्याने माझा पाट पायाने बाजूला सारला आणि उभ्यानेच पूजेला सुरुवात केली. पाणी घातलं, गंध लावलं, दुर्वा वाहिल्या, आणि एकदाही वाकला नाही. आरती झाली, मंत्रपुष्प झालं, आणि दादा वळून चालत खिडकीपर्यंत गेला. सहज. तेव्हा वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"काय झालं?" नमिताने विचारलं.

"चार वरसं झाली, नमे," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "गुडघे गेलेत त्यांचे. एकदा खाली बसले की उठता येत नाय. म्हणून तर गणपती इकडं दिला. तिकडं कसलं सिमेंट आन् कसलं काय."

गागोद्याला आरतीनंतर दादा अर्धा-अर्धा तास देवापुढे डोळे मिटून बसून राहायचा. घरातली सगळी माणसं हॉल रिकामा करून द्यायची, पोरांना गप्प करायची. आम्ही ती भक्ती समजत होतो. तो माणूस उठता येत नाही म्हणून बसलेला असायचा, आणि आम्ही त्याला एकटं सोडून बाहेर जात होतो. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या जोडीला जरा हायसंही वाटलं, कारण निदान तो माझ्यावर संतापलेला नव्हता.

पाच दिवस दादा दोन्ही वेळा उभ्याने पूजा करत होता. दुसऱ्या दिवशी त्याने टोपडं काढून मूठ फिरवून बघितली. तिसऱ्या दिवशी कृष्णाकाकांशी त्याची बेंचवर एक तास चर्चा झाली. नमिताच्या हातचे उकडीचे मोदक त्याने दररोज मागून घेतले.

पाचव्या दिवशी कुंडलिका नदीवर विसर्जन. घाटावरच्या स्वयंसेवकाने झालर बघितली, खालचे पाय बघितले आणि लोखंड नदीत सोडता येणार नाही म्हणाला. सोडत नाही, बुडवून परत आणतो, असं पटवायला वीस मिनिटं गेली. शेवटी त्याने वहीत लिहिलं: 'गणपती एक. टेबल एक, परत.' मी खाली सही केली. आम्ही चौघं कमरेएवढ्या पाण्यात गेलो, बेंच तीनदा बुडवलं, माती सुटेपर्यंत पाण्याखाली धरलं, आणि वर काढलं तेव्हा त्यावर फक्त पाट होता. नमिता काठावर उभी राहून रडत होती. ती पाच दिवस होती तेवढी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या सकाळी दादा निघाला. मी खाली उतरलो तर प्रणितच्या टेम्पोत वहिनींच्या पिशव्यांशेजारी बेंच पाय मिटवून ठेवलेलं, वर तसाच स्क्रूने जखडलेला पाट.

"ह्यो मी नेतो," दादा म्हणाला. "पुढल्या वरसापासनं परत गावाला बसवू. आता अडचण नाय."

तो आनंदाने म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चार वर्षांनी त्याला त्याचा देव परत मिळाला होता. पण थोरल्या भावापुढे बोलायची मला सवय नाही आणि या वयात लागणारही नव्हती.

नमिता माझ्या मागून पुढे आली. तिने टेम्पोच्या फाळक्यावर हात ठेवला.

"दादा, पाट इथेच राहील," ती म्हणाली.

बावीस वर्षांत तिने दादाला उलट उत्तर दिलं नव्हतं. वहिनी टेम्पोत अर्ध्या चढलेल्या तशाच थांबल्या. प्रणितने इंजिन बंद केलं.

"पाट ज्या घरचा, देव त्या घरी. तुम्हीच सांगता," नमिता म्हणाली. तिने फाळक्यावरचा हात काढला नाही. "हा या घरचा आहे. वाकडा असेल, चुकला असेल, पण इथला आहे. तुम्ही या. दर वर्षी या. पूजा तुमचीच. उभ्याने करा, खुर्चीत बसून करा, कोण विचारणार नाही. पण पाट नेऊ नका."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "बरोबर बोलते ती," आणि पुढे सीटवर जाऊन बसल्या.

"प्रणित," दादा म्हणाला, "उतरव ते खाली."

बेंच खाली आलं. दादा हळूहळू पुढच्या दारापर्यंत गेला, गुडघ्याला हात लावून वर चढला. आजवर गणपतीला केव्हा यायचं, किती दिवस राहायचं, हे तो आम्हाला कळवत आला होता. आता त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"नमिता," तो म्हणाला, "पुढल्या वरसाला आम्ही कधी येऊ?"

"आदल्या दिवशी या," ती म्हणाली. "दुपारी जेवायलाच या."

"येतो," दादा म्हणाला आणि टेम्पो निघाला. मी शेजारीच उभा होतो. मला कोणी काही विचारलं नाही.